हेमावतीच्या पाण्यातील चर्च

बंगळूरहून हासनकडे जाणारा रस्ता नेलमंगल, कुणिगल, चन्नरायपट्टण अशी गावे मागे टाकीत मलनाडाच्या उंबरठ्याशी येतो. या वाटेवर इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवणारी ठिकाणे कमी नाहीत. उजव्या-डाव्या हाताला श्रवणबेळगोळ, बेलूर, हळेबीड आहेत. त्यांपैकी बेलूर आणि हळेबीड येथील होयसळ मंदिरांना २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि त्यांच्या प्रत्येक पट्टीवरील हत्ती-हंसांची मोजदाद पूर्वीच होऊन गेली आहे. हासनपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, हेमावती जलाशयाच्या काठी, शेट्टीहळ्ळी नावाच्या गावाचे एक चर्च उभे आहे. त्याची छायाचित्रे जितकी निघाली तितके त्याच्याविषयी लिहिले गेले नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

चर्चचे नाव रोझरी चर्च, म्हणजे जपमाळेच्या मातेचे. त्याला छप्पर उरलेले नाही. टोकदार कमानींच्या रांगा, मनोऱ्याचा भाग, वेदीच्या बाजूच्या उंच भिंती आणि त्यांमधून आरपार दिसणारे आकाश, एवढेच शिल्लक आहे. पावसाळ्यात हेमावती भरते, तिचे पाणी मागे सरकत सरकत भिंतींपाशी येते, मग कमानींच्या पायथ्यात शिरते आणि भरपूर पावसाच्या वर्षी इमारतीचा मोठा भाग पोटात घेते. वरची टोके तेवढी पाण्यावर राहतात. अशा वेळी स्थानिक कोळी बांबूच्या विणीच्या गोल होडीतून, कन्नडमध्ये तिला हरिगोलू म्हणतात, पाहुण्यांना भिंतींच्या जवळ नेतात. हिवाळा सरता सरता पाणी ओसरते आणि उन्हाळ्यात पाहुणा कोरड्या पायांनी, वाळलेल्या गाळावरून, थेट वेदीच्या जागेपर्यंत चालत जाऊ शकतो. त्याच इमारतीची ही दोन रूपे पाहण्यासाठी बंगळूरचे लोक शनिवार-रविवारी मोठ्या संख्येने येतात, आणि त्यातले चौकस असतात ते पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा असे दोनदा येतात.

त्यांना सांगितला जाणारा इतिहास थोडक्यात असा : १८६०च्या सुमारास फ्रेंच धर्मोपदेशकांनी हे चर्च बांधले, ते आलूर व सकलेशपूर भागातील इंग्रज मळेवाल्यांसाठी होते, बांधकामाच्या चुन्यात गूळ आणि अंडी घातली होती, म्हणून ते टिकले, आणि १९६० साली धरण झाल्यावर ते ओस पडले. चार वाक्यांचा हा इतिहास पुस्तिकांतून, वर्तमानपत्रांच्या प्रवासविषयक पुरवण्यांतून आणि वाटाड्यांच्या तोंडून जसाच्या तसा फिरत असतो. त्यात असत्य फार नाही. पण त्यातून काय गळाले आहे ते पाहू लागले की हा इतिहास कोणाच्या बाजूने सांगितला जातो, हे ध्यानात येते.

प्रथम मळेवाल्यांची गोष्ट घ्यावी. म्हैसूर संस्थानाचा कारभार १८३१ ते १८८१ या काळात इंग्रज कमिशनरांच्या हाती होता आणि त्यांची राजधानी बंगळूर होती. याच पन्नास वर्षांत मंजराबाद, म्हणजे आजच्या सकलेशपूरच्या आसपासच्या डोंगरांत युरोपीय लोकांनी कॉफीचे मळे वाढवले. १८५०च्या दशकात तेथे आलेल्या रॉबर्ट एलियट या मळेवाल्याने त्या जीवनाविषयी पुढे पुस्तकही लिहिले. तेव्हा हेमावतीच्या खोऱ्यात १८६०च्या सुमारास इंग्रज होते, यात शंका नाही. पण हे इंग्रज बहुतांशी प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांच्यासाठी रोमन कॅथलिक पंथाच्या फ्रेंच पाद्र्यांनी, जपमाळेच्या मातेला वाहिलेले एवढे मोठे चर्च कशासाठी उभारावे? एखादा आयरिश मळेवाला तेथे रविवारी येत असेलही. पण एका-दोघांसाठी कोणी एवढी उंच कमान रचीत नाही. चर्च मोठे होते, याचा सरळ अर्थ असा की त्यात बसणारी माणसे पुष्कळ होती. ती माणसे आसपासची, कन्नड बोलणारी, शेती करणारी असली पाहिजेत.

या अनुमानाला आधार देणारा एक जुना धागा आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूच्या राज्यातील विस्कळित झालेल्या ख्रिस्ती समाजाची घडी बसवण्यासाठी आबे दुब्वा हे फ्रेंच धर्मोपदेशक म्हैसूर प्रांतात आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत स्वदेश सोडून आलेला हा माणूस विलक्षण होता. त्याने येथील वेश स्वीकारला, येथील आचार पाळले, आणि लोक त्याला ‘दोड्ड स्वामियवरु’ म्हणजे थोरले स्वामी म्हणू लागले. हिंदूंच्या चालीरीतींवरील त्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतले आणि १८१६ साली त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. त्या ग्रंथाचा बराचसा भाग त्याच्या आधीच्या कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या लिखाणावरून घेतलेला आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी दाखवून दिले, तेव्हा दुब्वाची ग्रंथकार म्हणून कीर्ती जरा उणावली. परंतु त्याचे दुसरे काम कोणाकडून उसने घेतलेले नव्हते. निराधार झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्याने जमिनीवर बसवले, त्यांच्या शेतीच्या वसाहती उभ्या केल्या, आणि देवीची लस टोचून घेण्यास लोकांना राजी केले. या वसाहतींतील प्रमुख वसाहत सत्तीहळ्ळी ही हासनजवळच होती.

म्हणजे शेट्टीहळ्ळीचे चर्च बांधले गेले तेव्हा हासनच्या परिसरात ख्रिस्ती शेतकऱ्यांची दोन पिढ्यांची वस्ती होऊन गेलेली होती. दुब्वा स्वतः १८२३ साली निराश होऊन मायदेशी परतला. हिंदुस्थानात धर्मांतराचे काम तडीस जाणे नाही, असे त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून उघडपणे लिहिले. पण त्याने वसवलेली माणसे कोठे परत जाणार? ती नांगर धरून राहिली. त्याच्या मागून पॅरिसच्या परदेश-मिशन संस्थेचे पाद्री म्हैसूरला येत राहिले. १८६०च्या दशकात शार्बोनो हे त्यांचे धर्माध्यक्ष होते. फ्रान्समध्ये त्या काळी गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन भरात होते, आणि तिकडून येणारा प्रत्येक पाद्री टोकदार कमान जणू सामानात बांधूनच आणीत असे. बंगळूरच्या शिवाजीनगरमधील सेंट मेरीचे चर्च याच मिशनने, याच शैलीत, १८७५ ते १८८२ या वर्षांत बांधले. दुब्वाच्या काळातील लहानशा प्रार्थनामंदिराच्या जागी ते उभे आहे. (शहाजीराजांच्या जहागिरीच्या या शहरात, मूळच्या ब्लॅकपल्लीचे शिवाजीनगर होऊन त्यात फ्रेंच धाटणीचे चर्च आणि तेथे सप्टेंबरात भगवी वस्त्रे लेवून येणारे तमिळ यात्रेकरू, हा एक वेगळाच विषय आहे.) शेट्टीहळ्ळीचे चर्च पाहून आलेल्याने एकदा शिवाजीनगरला जावे. छप्पर, रंगीत काच, मेणबत्त्या आणि गर्दी असताना अशा वास्तूत काय वाटते, ते तेथे कळते. शेट्टीहळ्ळीलाही कधीकाळी हे सर्व होते.

चुन्यातील गूळ-अंड्यांची गोष्ट दंतकथा म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. दक्षिणेत आणि दख्खनमध्ये चुन्याची घाणी फिरवताना गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी घालण्याची रीत सर्वत्र होती. महाराष्ट्रातील कित्येक वाड्यांविषयी म्हातारी माणसे हेच सांगतात. मद्रासकडील संगमरवरासारख्या गुळगुळीत गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक घालीत असत. तेव्हा शेट्टीहळ्ळीच्या गवंड्यांनी तसे केले असणे अगदी शक्य आहे. फक्त ही गोष्ट सांगणारे ती मिशनच्या पाद्र्यांची युक्ती म्हणून सांगतात, आणि ती तर गावच्या गवंड्याची विद्या होती.

त्या विद्येचीच आज कसोटी लागली आहे. कायम पाण्याखाली असलेली भिंत एका अर्थाने सुखी असते. दरसाल भिजून दरसाल वाळणाऱ्या भिंतीचे हाल त्याहून फार मोठे. पाणी चढते तेव्हा चुन्यात शिरते, उतरते तेव्हा चुन्यातले क्षार पृष्ठभागावर ओढून आणते; ते क्षार वाळून फुगतात आणि गिलावा सोलून काढतात. गिलावा गेला की वीट उघडी पडते, विटेच्या सांध्यात पिंपळ रुजतो, आणि पुढचे काम पिंपळ करतो. छप्पर असताना भिंतींना वरून आडवी बांधणी होती. ते गेल्यावर प्रत्येक कमान आपला भार एकटीने पेलीत उभी आहे. अशाही स्थितीत चार दशकांहून अधिक पावसाळे तिने काढले. गुळाचा महिमा सांगणाऱ्यांनी हा हिशेब मात्र मांडलेला दिसत नाही.

आता १९६० या सालाविषयी. हेमावती चिक्कमगळूर जिल्ह्यात, मुडिगेरे तालुक्यात, बल्लाळरायनदुर्गाजवळ उगम पावते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर वाहून कृष्णराजसागराजवळ कावेरीला मिळते. तिच्यावर गोरूर येथे जे धरण आहे ते १९७९ साली पूर्ण झाले. साडेचार किलोमीटरांहून लांब बांध, सुमारे ३७ अब्ज घनफूट पाणी. तेव्हा १९६० साली या धरणाचे पाणी चर्चमध्ये शिरणे संभवत नाही. तरीही ते साल सर्वत्र छापले जाते. पाहुण्यांच्या दृष्टीने एकोणीस वर्षांचा फरक किरकोळ असेल. शेट्टीहळ्ळीच्या शेतकऱ्याला तो किरकोळ नव्हता. एकोणीस वर्षांत एकोणीस पिके येतात, मुलींची लग्ने होतात, बाप्तिस्मे होतात, माणसे दफन होतात. गाव कोणत्या साली उठले हे ज्यांना नेमके ठाऊक होते त्यांना कोणी विचारले नाही, आणि ज्यांनी लिहिले त्यांनी एकमेकांचे पाहून लिहिले.

धरण कशासाठी झाले, हेही या चार वाक्यांत येत नाही. मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान यांच्यात १९२४ साली कावेरीच्या पाण्याचा करार झाला होता. पन्नास वर्षांनी, १९७४ साली, त्याची मुदत भरल्याचे कर्नाटकाचे म्हणणे पडले. हेमावती, हारंगी आणि कबिनी या उपनद्यांवरील धरणे कर्नाटकाने याच वादाच्या छायेत, केंद्राच्या योजनेबाहेर, स्वतःच्या तिजोरीतून उभारली. तमिळनाडूचा त्यांना विरोध होता. १९९० साली नेमलेल्या लवादापुढे या धरणांचा उल्लेख वारंवार झाला. एवढ्या मोठ्या भांडणात हासन जिल्ह्यातील एका खेड्याचे बुडणे कोणाच्या कानी पडणार? हासन, मंड्या व तुमकूरकडच्या शेतांना कालवे मिळाले, तुमकूर शहराला पिण्याचे पाणी मिळाले. खुद्द बंगळूर शहर कावेरीवर जगते. १९७४ साली पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात पोहोचले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला. तोरेकाडनहळ्ळीहून शंभर किलोमीटर अंतर आणि सुमारे पाचशे मीटर चढ पंपांनी ओलांडून हे पाणी येते. हेमावती कृष्णराजसागरात मिळते आणि शहराचे पाणी त्याच्या खालच्या अंगाने उचलले जाते. तेव्हा चर्च पाहायला येणाऱ्या बंगळूरकराच्या घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात या चर्चच्या कमानींखालून गेलेल्या पाण्याचाही अंश असतोच.

गोरूर हे नाव कन्नड वाचकाला धरणाआधीपासून परिचित आहे. हळ्ळीच्या, म्हणजे खेड्याच्या, जीवनाची प्रसन्न शब्दचित्रे लिहिणारे गोरूर रामस्वामी अय्यंगार (१९०४–१९९१) याच गावचे. ‘हेमावती’ ही त्यांची कादंबरी. गावाशेजारी धरण पूर्ण झाले १९७९ मध्ये, आणि पुढल्याच वर्षी त्यांना साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला तो अमेरिकेच्या प्रवासावरील पुस्तकासाठी! धरणाने उठवलेल्या माणसांना कन्नडमध्ये त्यांचा लेखक भेटला तो अधिक उत्तरेला, शरावतीच्या काठी. ना. डिसोझा (१९३७–२०२५) हे सागर गावचे, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केलेले, आणि स्वतः कॅथलिक. लिंगनमक्की धरणाच्या बुडीत क्षेत्रातील माणसे त्यांनी नोकरीच्या निमित्ताने जवळून पाहिली आणि ‘मुळुगडे’, ‘द्वीप’ या कादंबऱ्या लिहिल्या. ‘द्वीप’वर गिरीश कासारवळ्ळी यांनी २००२ साली चित्रपट काढला. त्या लिंगनमक्कीच्या पोटात हिरेभास्कर नावाचे एक जुने धरणच बुडालेले आहे. माणसाने बांधलेल्या धरणाने माणसाचेच आधीचे धरण गिळावे, असा हा प्रकार आहे. शेट्टीहळ्ळीला डिसोझांसारखा कोणी लाभला असता, तर वाटाड्यांच्या त्या चार वाक्यांत निदान एखादे माणसाचे नाव आले असते.

मराठी वाचकाला अशी बुडालेली गावे नवी नाहीत. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ते हरले; पण सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या सहभागी कार्यकर्त्याने त्याचा इतिहास लिहून ठेवला. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये झाले. इंदापूर तालुक्यातील पळसदेव गाव रस्त्याकडेला सरकले, जुने पळसनाथाचे देऊळ मागे पाण्यात राहिले. तेथे शेट्टीहळ्ळीच्या उलट रीत आहे : देऊळ एरवी बुडालेले, आणि उन्हाळा कडक पडला, जलाशय तळाला गेला, की वर येते. २०२४ च्या दुष्काळी उन्हाळ्यात ते असेच उघडे पडले. पुण्या-सोलापूरची माणसे ते पाहायला लोटतात. त्यांना जे दर्शन वाटते ते आसपासच्या शेतकऱ्याला पाणी आटल्याची खूण असते. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर तो घाईने पीक घेतो आणि आकाशाकडे पाहतो.

पण तुलनेला सर्वांत जवळचे गाव गोव्यातले. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणात गेले. १९८०च्या दशकात सुमारे तीन हजार माणसे तेथून उठली. गावातील प्राचीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा रचले. बाकीचे गाव पाण्यात राहिले. मे महिन्यात पाणी उतरते, घरांची जोती उघडी पडतात, आणि वेगवेगळ्या गावी पांगलेले कुर्डीकर परत येतात. हिंदू सोमेश्वराच्या उत्सवाला, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या फेस्ताला. नातवंडांना ते जोते दाखवून येथे चूल होती, येथे तुळस होती, असे सांगतात. मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली याच गावी जन्मल्या. बालपणीच त्यांनी गाव सोडले, गाव पुढे बुडाले, तरी जयपूर घराण्याच्या प्रत्येक मैफिलीच्या इतिहासात कुर्डी हे नाव उच्चारले जाते. एखाद्या गावाला स्वतःची माणसे, स्वतःचा उत्सव आणि एक आडनाव मागे उरले, तर ते पाण्याखालीही गाव म्हणून राहते.

शेट्टीहळ्ळीचे याहून वेगळे झाले. तेथे इमारत उरली आणि तिच्याभोवतीचे गाव नजरेतून नाहीसे झाले. मातीची, कौलांची घरे पहिल्या काही भरतींतच विरघळली असणार. चुन्या-विटांचे चर्च तेवढे राहिले. पाहणाऱ्याला वाटते की हे चर्च मुळातच असे एकटे, निर्जन माळावर कोणी बांधले असावे. म्हैसूरजवळ कृष्णराजसागरात बुडालेले कन्नंबाडीचे वेणुगोपाल मंदिर बंगळूरच्या एका उद्योगपतीच्या खर्चाने उचलून नव्या जागी उभारण्यात आले. शेट्टीहळ्ळीच्या चर्चबाबतही असे काही करावे, निदान भिंतींना आधार द्यावा, असे अधूनमधून सुचवले जाते. विटा-चुन्याची कमान दगडी मंदिरासारखी सुटी करून हलवता येत नाही. जागच्या जागी मुळे काढून, सांधे चुन्यानेच भरून तिला बळकटी देणे तेवढे शक्य आहे, आणि त्यासाठी पाणी उतरल्यानंतरचे मोजके महिनेच हाती असतात. पण कमानींच्या आधी टिपून घेण्यासारखी दुसरी एक गोष्ट आहे, आणि तिची मुदत अधिक कमी आहे. ज्यांचा बाप्तिस्मा या छपराखाली झाला अशी माणसे आसपासच्या नव्या वस्त्यांतून आज वृद्ध झालेली असतील. मिशनच्या नोंदवह्यांतून बाप्तिस्म्यांची, विवाहांची, मृत्यूंची नावे लिहून ठेवण्याची कॅथलिक रीत फार जुनी आणि काटेकोर आहे. मळेवाल्यांच्या गोष्टीचा निकाल त्या नावांवरून एका दुपारी लागेल.

पाणी पूर्ण उतरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, चर्चच्या मध्यभागी उभे राहिले तर भिंतींवर पाण्याच्या चढ-उताराच्या आडव्या रेषा दिसतात. कोणत्या वर्षी हेमावती कोठवर आली होती, ते त्यांवरून वाचता येते. त्या रेषांवर आणि त्यांच्या खालीवर पाहुण्यांनी खिळ्याने, कोळशाने आपापली नावे कोरली आहेत. कन्नडमध्ये, इंग्रजीत, एखाद-दुसरे तमिळमध्ये. खाली गाळावर गवत उगवलेले असते आणि पलीकडच्या वस्तीवरची गुरे कमानींतून ये-जा करीत ते चरत असतात.